टायरचा ढोल आणि हिवरखेडचं डफडं

"चालताना तुमचा डावा हात हलत नाही," डॉक्टर म्हणाले.

मी तपासणीच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत जाऊन परत आलो होतो, एवढंच. अमरावतीच्या त्या न्यूरोलॉजिस्टनी, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांनी, त्याआधी मला अंगठा आणि पहिलं बोट चिमटीसारखं उघड-मीट करायला लावलं होतं. मनगट धरून हात वाकवून पाहिला होता. एका कागदावर कोणतंही एक वाक्य लिहा म्हणाले होते. मी लिहिलं, 'माझे नाव वामन तायडे असून मी अकोल्यास राहतो.' 'माझे'चं अक्षर माझं होतं. 'राहतो'पर्यंत ते मुंगीएवढं झालं.

"पार्किन्सन्स डिसीज आहे. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. हालचाल सुरू करायला आणि सुरळीत ठेवायला ते रसायन लागतं. हा आजार पूर्ण बरा होत नाही. पण औषधं आणि व्यायाम सांभाळला तर बरीच वर्षं चांगली जातात."

कुंदा, माझी बायको, शेजारच्या खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "पन डाक्टरसाहेब, यायचा हात तर कापत नाही."

"सगळ्यांचा कापत नाही. यांचा आजार ताठरपणानं आलाय."

त्या ताठरपणाला रिजिडिटी म्हणतात आणि हालचाल मंदावण्याला ब्रॅडिकायनेशिया. हे शब्द मी नंतर पाठ केले. त्या दिवशी बाहेर आल्यावर चपलेत पाय घालायला मला किती वेळ लागला, तेवढंच आठवतं. कुंदा माझ्याकडे बघत नव्हती. बघत नाही असं दाखवत होती.

मी भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होतो. आयुष्यभर शेतं मोजली, नकाशे काढले. हातावर माझा भरवसा होता. म्हणून डावा खांदा आखडला तेव्हा मी हाडाच्या डॉक्टरांकडे गेलो. खांद्याला शेक घेण्यात जवळजवळ वर्ष गेलं. शर्टाची बटणं लागेनात, तर मी टी-शर्ट घालू लागलो. फोडणीचा वास येईना, तर सर्दी समजलो. कुंदा म्हणायची, "तुमी काहून असे रागावल्यासारखे बसून राहता?" मी रागावलेला नसायचो. आजारानं चेहऱ्याची हालचाल कमी होते, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. वर्षभर आम्ही त्या चेहऱ्यापायी भांडलो. तुमच्या घरी कोणाचं अक्षर बारीक होत असेल, एक हात चालताना लोंबत असेल, तर एवढं तरी करा, न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या. मेंदूत जाऊन त्यांचं डोपामिन होतं. पहिले काही महिने मला वाटलं, आजार गेलाच. मग पुढच्या गोळीची वेळ व्हायच्या आधीच अंग जड होऊ लागलं. दर तीन महिन्यांनी अमरावतीला दाखवायला जायचो. अकोल्याहून रेल्वेनं बडनेरा आणि तिथून ऑटो. वेटिंग रूममध्ये माझ्याहून पुढच्या अवस्थेतले लोक बसलेले असत. कोणाची मान सतत डुलायची, कोणाला सून पाणी पाजायची. मी त्यांच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची शोधायचो.

दुसऱ्या वर्षी फ्रीझिंग सुरू झालं. म्हणजे चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. विशेषतः दारात. पलीकडे खोली दिसते, जायचंही असतं, पण पाय उचलत नाही. मागून कोणी "चला ना" म्हटलं की आणखीच घट्ट.

डॉक्टरांनी तेव्हा चिठ्ठीवर एका फिजिओथेरपिस्टचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'ताइको, दर शनिवारी ११'. म्हणाले, "हे औषध नव्हे. पण ठेका ऐकला की काही पेशंटचे पाय सुटतात. करून पाहा."

ताइको हे मला एखाद्या मशीनचं नाव वाटलं. माझी मुलगी स्मिता अमरावतीतच नोकरी करते. तिच्यासोबत मी पहिल्या शनिवारी गेलो. एका धर्मादाय ट्रस्टचा हॉल होता. आत ट्रकचे जुने टायर स्टुलांवर आडवे ठेवलेले, त्यांच्या तोंडावर पॅकिंगची चिकटपट्टी उभी-आडवी घट्ट ताणून बसवलेली. प्रत्येक टायरवर दोन जाड लाकडी काठ्या.

"हा जपानी ढोल आहे," वैदेही मॅडम म्हणाल्या. त्या फिजिओथेरपिस्ट. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या काही वर्षं जपानात राहिल्या होत्या, तिथं शिकल्या. "खरे ढोल इथं कुठून आणणार? तिकडेही शिकणारे टायरवरच हात बसवतात."

ढोल हा शब्द ऐकला आणि मी काठ्या उचलल्या नाहीत.

का, ते सांगतो. आम्ही मूळचे हिवरखेडचे. गावकीत आमच्या घराकडे डफडं वाजवण्याचं काम होतं. माझ्या वडिलांनी, आबांनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ते काम त्याच आठवड्यात सोडलं. मी त्यानंतर जन्मलो. आमच्या घरात ढोलकी, ताशा, काही कधी आलं नाही. लग्नात बँड लावला नाही. दादानं, माझ्या थोरल्या भावानं, शाळेत मास्तर असताना पोरांना लेझीमसुद्धा शिकवली नाही. हे आम्हाला कोणी बसून समजावलं नव्हतं. घरात ते होतंच, भिंतीसारखं.

"घ्या ना काका," मॅडम म्हणाल्या. "ह्याला चामडं नाही. नुसता टायर आहे."

त्यांना वाटलं मला चामड्याची अडचण आहे. स्मिता माझ्याकडे बघत होती. मी काठ्या उचलल्या.

पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहायचं. हात डोक्याच्या वर न्यायचा आणि खांद्यातून सोडायचा. जपानी लोक बोल तोंडानं म्हणून शिकतात. मध्ये मारलं की 'दों', काठावर मारलं की 'का', आणि जिथं थांबायचं तिथं 'सु'. मॅडमनी पहिल्यांदा 'सु' म्हटलं तेव्हा अकरा म्हातारे पेशंट पोट धरून हसले. मीही. चेहऱ्यावर दिसलं का माहीत नाही.

अर्ध्या तासानं माझा डावा हात डोक्याच्या वर गेला होता. कुणी धरून नेला नव्हता.

त्या दिवशी मी बडनेऱ्याच्या फलाटावर न अडखळता चाललो. मनात 'दों का, दों का' म्हणत. कुंदाला मी सगळं सांगितलं. दादाला नाही.

चार महिने गेलो. आजार कमी झाला असं मी म्हणणार नाही. पण शनिवारची वाट बघू लागलो. ओरडायचं असतं म्हणून आवाज थोडा मोकळा झाला. रात्री कुशीवर वळता येऊ लागलं. ज्याला हे आपोआप येतं, त्याला यात काय मोठं ते कळणार नाही.

समोरच्या टायरवर परतवाड्याचे एक वकील असायचे, कुळकर्णी. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, आजारातही माझ्या पुढे. सून गाडीनं आणायची. आवाज इतका खाली गेला होता की कोर्टातला हा माणूस, हे खरं वाटू नये. एका शनिवारी मी एक लांब ठेका न चुकता पुरा केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वकीलसाहेब जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वा तायडे! तुमच्या लोकांच्या रक्तातच असतं हे."

ते कौतुकानं म्हणाले. खात्रीनं सांगतो, कौतुकानंच म्हणाले.

मी काठ्या टायरवर ठेवल्या. पुढच्या शनिवारी अंग दुखतंय म्हणालो. त्याच्या पुढच्या शनिवारी पाहुणे आहेत म्हणालो. मग मॅडमचा फोन उचलणं सोडलं.

दोन महिन्यांत माझी चाल परत तशी झाली, किंवा जास्तच. एका सकाळी न्हाणीच्या दारात पाय अडकले आणि वरचं धड पुढे गेलं. कपाळाला सहा टाके पडले. सी. टी. स्कॅन झालं, म्हणजे डोक्याचे आडवे आडवे फोटो. आत रक्तस्राव नव्हता. दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर अकोल्याचे, तरुण होते. म्हणाले, "गोळी मी वाढवून देतो. पण पाय गोळी हलवणार नाही, तुम्हालाच हलवावे लागतील. क्लास का सोडला?"

मी कपाळावरची पट्टी चाचपली. डॉक्टर गेल्यावर कुंदानं तोच प्रश्न विचारला आणि या वेळी मी सांगून टाकलं. तिनं सलाईनच्या नळीला पडलेला पीळ सोडवला.

"त्या मानसाच्या एका बोलन्यापायी तुमी पाय उचलनं सोडलं?"

"त्याच्या बोलण्यापायी नाही. आबांनी जे टाकलं तेच मी काठ्या घेऊन करून राहिलो, असं वाटलं."

"मंग दादाले इचारा. मले काहून शिक्षा? मी एकटी उचलू शकते का तुमाले?" आणि ती रडली. आजार कळल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

टाके निघाल्यावर आम्ही हिवरखेडला गेलो. दादा पंच्याहत्तरीच्या पुढचा, अजून ताठ. अंगणात खाटेवर बसला होता. मी विषय काढायला शब्द जुळवत होतो, तोच म्हणाला, "मले ठाऊक हाये. स्मितानं मोबाइलवर फोटो दाखोला."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? आजारी मानूस तू."

त्यानं वहिनीला चहा मांडायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता बोलू लागला.

"तू जन्मला नोता. मी सात वर्साचा होतो. हाक आली का आबा जेवत्या ताटावरून उठे. कोनाचं लगीन असो, कोनी मरो. मायले तापानं भान नाही, तरी हाक आली म्हनून गेला होता. दारात उभं राहाचं. आत पाय ठेवाचा नाही. दीक्षा घेऊन आला त्या दिसी त्यानं सुरीनं चामडं फाडलं आन् लाकडाचं कडं चुलीत घातलं. त्याच्यावर मायनं भाकरी केल्या. मी खाल्ल्या त्या भाकरी, वामन."

मी हे कधी ऐकलं नव्हतं. पासष्ट वर्षांत कधीच नाही.

"मग मी सोडू का?"

"आबाचा राग वाजोन्यावर नोता. हाकेवर होता." वहिनीनं आणलेला चहा त्यानं माझ्याकडे सरकवला. "तुले पायासाठी कराचं असन तर कर. पन मले तो आवाज सहन होत नाही. मले दाखवू नको, मले सांगू नको."

ही परवानगी होती की नाही, मला आजही सांगता येत नाही. परत येताना बसमध्ये कुंदा म्हणाली, "शनिवारी किती वाजताची गाडी पकडाची?"

मी गेलो. क्लास सुरू व्हायच्या आधी वकीलसाहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"वकीलसाहेब, मागं तुम्ही म्हणालात, आमच्या लोकांच्या रक्तात असतं."

"हो. कौतुकानं म्हणालो."

"माहीत आहे. म्हणूनच उत्तर सुचलं नाही." मग मी त्यांना हाक, दार, चूल, भाकरी सगळं सांगितलं. माझीही जीभ आता जड चालते, त्यामुळे बराच वेळ लागला. सांगताना मी त्यांचा चेहरा बघत होतो आणि काही कळत नव्हतं. त्यांनाही माझ्या चेहऱ्यावरून काही कळत नसणार. आम्हा दोघांचे चेहरे आजारानं पुसून टाकलेले.

ते काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात? ऐकू आलं नाही."

त्यांनी श्वास भरला, मॅडमनी ओरडताना शिकवला होता तसा पोटातून, आणि ओरडले, "चुकलं म्हणालो!"

सगळा हॉल वळून बघू लागला. मॅडमना वाटलं व्यायाम चाललाय. त्या म्हणाल्या, "छान! असाच आवाज काढा."

इथवर सांगून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढचं सांगितलं नाही तर ते अर्धसत्य होईल.

ट्रस्टच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. त्यांचे सचिव क्लासमध्ये आले आणि म्हणाले, "प्रमुख पाहुणे गाडीतून उतरले की गेटपासून स्टेजपर्यंत तुम्ही दोन्ही बाजूंनी उभे राहून वाजवायचं. पेशंट वाजवून स्वागत करतात, हे फार छान दिसेल."

बऱ्याच जणांना आनंद झाला. इतके दिवस लोकांपासून लपून बसलेल्यांना कोणी बोलावत होतं. मला तो आनंद समजत होता. तरी मी म्हणालो, "मी गेटवर वाजवणार नाही."

"का बरं? दहा मिनिटांचं तर काम."

"बाकीच्यांनी वाजवावं. मी कोणाला अडवत नाही. मी दारात वाजवणार नाही."

सचिवांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी जमिनीकडे. हॉल ट्रस्टचा होता.

"मीही नाही," वकीलसाहेब म्हणाले. या वेळी पहिल्याच दमात ऐकू आलं.

मग आणखी तिघे-चौघे कचरू लागले आणि तो बेत बारगळला. उद्घाटन झालं. पुढच्या महिन्यात निरोप आला की हॉल सामान ठेवायला लागणार आहे. आमच्या नकारामुळे असं कोणी म्हटलं नाही. टायर मॅडमच्या घराच्या पार्किंगमध्ये जाऊन पडले आणि क्लास बंद.

सहा आठवडे बंद होता. त्या सहा आठवड्यांत सगळ्यांचंच बिघडलं. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, मंदाताई, त्यांनी मला फोन केला. "तायडेभाऊ, तुमच्या मानापायी माझे पाय गेले," म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. वकीलसाहेब त्याच काळात खुर्चीला खिळले. तो नकार बरोबर होता असं मला वाटतं. पण त्याची किंमत माझ्या एकट्याकडून वसूल झाली नाही, आणि ते ओझं आहे.

शेवटी स्मिताच्या वस्तीतलं समाजमंदिर सुचलं, विहाराच्या बाजूचं. तिथल्या मंडळातही एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "ढोल? इथं? आपन ते सोडलं ना बापा?" मी त्यांच्यासमोर बसून पुन्हा सगळं सांगितलं. हिवरखेड, हाक, माझे पाय. ते ऐकत राहिले. म्हणाले, "वंदनेच्या टायमाले आवाज नको." शनिवार मिळाला.

पहिल्या दिवशी मला यायला उशीर झाला. गाडी रखडली आणि गोळीची वेळ निघून गेली. समाजमंदिराच्या दारात आलो आणि पाय जमिनीला चिकटले. आत सगळे दिसत होते. कुंदा मागे उभी, बोलत नव्हती. तिला आता कळतं, बोलायचं नसतं. मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

वकीलसाहेब दाराच्या बाजूलाच खुर्चीवर बसले होते. त्यांचा टायर खाली, गुडघ्यांच्या उंचीवर ठेवलेला. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. दोन्ही हातांनी मिळून एक काठी उचलली आणि वाजवू लागले. दों. का. दों. का. हात कापत होता, ठेका नाही.

तिसऱ्या 'दों'ला माझा उजवा पाय उचलला. मग डावा. मी उंबऱ्यातून आत गेलो.

मॅडमनी माझा टायर पुढे सरकवला.

मॅडमचे उपकार आहेत माझ्यावर. दोन्ही डॉक्टरांचे आहेत. कुंदाचे तर बोलायलाच नको. आजार पुढे सरकतोच आहे. गोळ्या आता दिवसातून पाच वेळा आहेत. ज्यांना नुकतंच कळलं आहे त्यांना एवढंच सांगतो, वेटिंग रूममध्ये पुढच्या अवस्थेतल्या माणसाकडे पाठ करून बसू नका. मी दोन वर्षं बसलो. त्यांच्यातलाच एक जण मला आत घेऊन गेला.

त्या संध्याकाळी मी दादाला फोन केला. सांगू नको म्हणाला होता, तरी केला.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "थांब. दारात कोन वाजोत होतं म्हनतो?"

"परतवाड्याचे कुळकर्णी वकील."

"आन् तू?"

"मी चालत आत गेलो."

पलीकडे खाट करकरली.

"गोळ्या टायमावर घेत जा," दादा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.